सहस्रांश सेकंदाचा हिशेब

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसास वेळेचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. भोंग्यानंतर पाच मिनिटांनी आलेल्याचा अर्धा दिवस कापला जातो. आणि तुटलेला धागा जोडण्यास विणकराला किती सेकंद लागले, हे त्याच्या पाठीशी उभा राहून स्टॉपवॉचवर मोजणारा माणूसही आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. अशा दहा-पाच सेकंदांवरून आम्ही मालकांशी रात्र रात्र वाटाघाटी केल्या. तेव्हा सेकंदाचा हजारावा भाग हाती यावा म्हणून एका गृहस्थाने उमेदीची वर्षे खर्ची घातली, आणि तो हाती येताच त्याचेही तुकडे करीत तो थेट अब्जांशापर्यंत गेला, असे वाचनात आले तेव्हा आम्हांस त्याच्याविषयी कुतूहल वाटल्यावाचून राहिले नाही. हे गृहस्थ म्हणजे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पोर्टर. आमचे शाळेतील शिक्षण लवकर संपले; रसायनशास्त्राची जी काही ओळख झाली ती सार्वजनिक वाचनालयात आणि व्याख्यानमालांच्या मागल्या खुर्च्यांवर. म्हणून सूत्रांच्या वाटेस न जाता हकीकत सांगू.

पोर्टर यांचा जन्म ६ डिसेंबर १९२० रोजी यॉर्कशर परगण्यातील स्टेनफर्थ या गावी झाला. गाव कोळशाच्या खाणीचे. वडील मात्र खाणीत नव्हते. घरे बांधण्याचा त्यांचा धंदा होता. मुलाला रसायनांचा नाद लागला, तेव्हा हे उद्योग घराबाहेर चाललेले बरे असे मनात आणून बापाने एक जुनी बस विकत घेतली आणि तीत त्यास प्रयोगशाळा थाटून दिली. मुलाच्या नादापायी बस घेणारा बाप कोठेही दुर्मीळच. आपल्याकडे बहुधा बाटल्याच फेकून दिल्या जातात. थॉर्न येथील शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून पोर्टर १९३८ साली लीड्स विद्यापीठात गेले. तेथे शेवटल्या वर्षी त्यांनी रसायनाच्या जोडीस रेडिओच्या पदार्थविज्ञानाचा एक खास अभ्यासक्रम घेतला. युद्ध चालू होतेच. १९४१ साली पदवी घेऊन बाहेर पडताच ते आरमारात रडार-अधिकारी झाले, आणि युद्धाची उरलेली वर्षे अटलांटिक व भूमध्य समुद्रांवर त्यांनी काढली.

रडारचे तत्त्व येथे सांगून ठेवणे जरूर आहे. विद्युतलहरीचा एक आखूड ठोका सोडायचा, मग गप्प बसायचे, आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजायचे. ठोका जितका आखूड तितके मोजमाप नेमके. चार वर्षे बोटीवर असे ठोके सोडणाऱ्या माणसाच्या हाडीमासी ही रीत मुरली असल्यास नवल नाही.

१९४५ साली पोर्टर केंब्रिजला रोनाल्ड नॉरिश यांच्या हाताखाली संशोधनास लागले. नॉरिश हे पिढीने वडील. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते आणि १९१८ साली जर्मनांच्या कैदेतही पडले होते. प्रकाशरसायन हा त्यांचा विषय. प्रकाशाने पदार्थ बदलतो हे आपण रोज पाहतो. खिडकीचा पडदा विटतो, पान उन्हात साखर तयार करते. रेणू प्रकाशाचा एक घास गिळतो आणि त्या बळाने कधी कधी फुटतो. फुटून जे तुकडे होतात त्यांस मुक्त मूलक म्हणतात. जोडीदार तुटलेले हे तुकडे भलते अधीर असतात. जो भेटेल त्यास धरतात आणि स्वतः नाहीसे होतात. असे तुकडे खरोखरच असतात हे पानेथ या शास्त्रज्ञाने १९२९ साली सिद्ध केले होते, पण बहुतेकांना कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. कारखान्याच्या फाटकातून कापसाच्या गाठी आत गेलेल्या दिसाव्या, संध्याकाळी कापडाचे तागे बाहेर आलेले दिसावे, आणि मधल्या खात्यांत काय घडले ते रस्त्यावरच्यास कळू नये, तशी रसायनशास्त्रज्ञांची अवस्था होती.

अडचण कोठे होती ती पाहा. फुटक्या घागरीत बारीक धार सोडली तर पाणी येते तेवढे गळून जाते आणि तळाशी ओल दिसण्यापलीकडे काही दिसत नाही. दिव्याच्या संथ प्रकाशात मूलक तयार होत तसे मरत. कोणत्याही एका क्षणी वायूत त्यांची संख्या नगण्य असे. धार मोठी करावी म्हणून नॉरिश यांच्या प्रयोगशाळेत युद्धातून उरलेला लष्करी शोधदीपसुद्धा आणलेला होता. तोही पुरा पडेना. अशात १९४७ साली एक दिवा आणण्यासाठी पोर्टर यांना प्रेस्टन येथील सीमेन्स कंपनीच्या दिव्यांच्या कारखान्यात पाठविण्यात आले. तेथे छायाचित्रासाठी वापरावयाचे, क्षणात लखलखून विझणारे दिवे तयार होत होते. ते पाहून त्यांच्या ध्यानात आले की धार मोठी करण्यात अर्थ नाही. अख्खी बादली एकदम ओतली पाहिजे. मूलकाच्या आयुष्याहून आखूड असा प्रकाशाचा ठोका मारावा, म्हणजे गळून जाण्यापूर्वी घागर क्षणभर तरी भरलेली सापडेल.

केंब्रिजच्या खोलीत बसून सुचली नाही ती गोष्ट कारखान्यात काम चाललेले पाहताना सुचली, याचे आम्हांस मोठे समाधान वाटते. आमचा हा पक्षपात वाचकांनी खपवून घ्यावा.

उन्हाळ्यात यंत्र उभारण्यास आरंभ झाला. सुमारे हातभर लांबीहून मोठी क्वार्ट्‌झची नळी, तीत वायू. तिच्या शेजारी तशीच दुसरी नळी, ती लखलखणारी. कंडेन्सरांच्या मोठ्या समूहात काही हजार व्होल्टांची वीज साठवावयाची आणि ती सहस्रांश सेकंदाच्या सुमारास त्या दुसऱ्या नळीतून सोडून द्यावयाची. अशा एका झगमगाटात वायूचा मोठा हिस्सा फुटून जाई. हे झाले अर्धे काम. खरी करामत पुढची. मूलक झाले, पण ते पाहावयाचे कसे? डोळा इतका चपळ नाही. त्यासाठी पोर्टर यांनी दुसरा, लहान झगमगाट योजिला. पहिल्याने फोडावयाचे; मग ठरावीक वेळ थांबून दुसऱ्याने पाहावयाचे. दोहोंमधील अंतर आरंभी फिरत्या चक्राने साधले जाई, पुढे विजेच्या मंडलाने. दर वेळी नवा वायू घ्यावा, हे अंतर थोडे थोडे वाढवीत न्यावे, आणि प्रत्येक वेळी छायाचित्राची काच काढावी. काचा ओळीने मांडल्या की मूलकाचा जन्म, भर आणि मरण डोळ्यांपुढे येते. सूतगिरणीत भरधाव फिरणारी चाती लुकलुकत्या दिव्याखाली उभी राहिल्यासारखी दिसते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ही युक्ती लगेच उमगेल. आणि ठोका, थांबणे, मोजणे हा रडारचा क्रमही येथे ओळखू येईल.

दुसऱ्या झगमगाटाचा प्रकाश नळीतून पार जाऊन वर्णपटदर्शकात शिरे. वर्णपट वाचण्याची विद्या महाराष्ट्रास अगदी परकी नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणास नॉर्मन लॉक्यर विजयदुर्गास येऊन राहिले होते, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर येथे आपली यंत्रे मांडली होती. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे कोकणात अभिमानाने सांगतात. ते मात्र बरोबर नाही. ती पिवळी रेषा लॉक्यर यांनी तीस वर्षे आधी, १८६८ च्या अखेरीस, इंग्लंडात बसूनच पाहिली होती. असो. तत्त्व एकच: प्रत्येक रेणू पांढऱ्या प्रकाशातून आपल्या वाट्याचे ठरावीक रंग खातो आणि वर्णपटात तेवढ्या जागी काळ्या रेषा उमटतात. हजेरीपटावरच्या अंगठ्यासारख्या या रेषा असतात. एकाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत.

नॉरिश आणि पोर्टर या दोघांच्या नावे पहिला लेख १९४९ साली ‘नेचर’मध्ये आला. पद्धतीचे सविस्तर वर्णन १९५० साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले, आणि त्यावर पोर्टर यांचे एकट्याचेच नाव आहे. साहेबाचे नाव सर्वत्र वर घालण्याची चाल ज्या जगात रूढ आहे तेथे ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. त्या क्वार्ट्‌झच्या नळ्या ज्यांनी फुंकल्या आणि ते कंडेन्सर ज्यांनी जोडले त्या कारागिरांची नावेही अशा लेखांच्या डोक्यावर येतील तर आम्हांस अधिक आनंद होईल.

आता पोर्टर यांच्या सर्व कामांपैकी जे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते त्याकडे वळू. क्लोरीन वायूवर झगमगाट मारला असता त्याचे दोन अणू सुटे होतात, हे जुनेच ज्ञान होते. त्यात ऑक्सिजन मिसळलेला असता काचेवर अतिनील भागात पट्ट्यांची एक नवी रांग उमटली. पहिल्या ठोक्यापूर्वी ती नव्हती आणि काही सहस्रांश सेकंदांनंतरही नव्हती. एक क्लोरीन आणि एक ऑक्सिजन यांच्या जोडीचा, म्हणजे क्लोरीन मोनॉक्साइड मूलकाचा तो अंगठा होता. पोर्टर आणि त्यांचे सहकारी राइट यांनी तो किती वेगाने नाहीसा होतो ते मोजले, आणि असे दोन मूलक एकमेकांस भेटून संपतात असे दाखविले. १९५३ साली हे छापून आले. या मूलकाचा तेव्हा कोणास काही उपयोग नव्हता. त्याच्यावाचून कोणाचे अडले नव्हते, त्याची मागणी कोणी नोंदविली नव्हती. ‘याचा उपयोग काय’ असा प्रश्न त्या वर्षी कोणी पोर्टर यांना विचारता, तर त्यांस मुकाट बसावे लागले असते.

उपयोगाचे काम त्यांनी टाळले असे मात्र नाही. १९५४ साली केंब्रिज सोडून ते मँचेस्टरजवळच्या ब्रिटिश रेयॉन रिसर्च असोसिएशनमध्ये गेले. तेथे प्रश्न आमच्या धंद्यातला होता: रंगविलेले कापड उन्हात का विटते, आणि काही रंगांनी ते विटण्याऐवजी कुजल्यासारखे का फाटते? काही पिवळ्या व नारिंगी व्हॅट रंगांचा हा दुर्गुण रंगाऱ्यांस पूर्वीपासून माहीत आहे. पडद्याचा रंग टवटवीत राहतो आणि धाग्यातला जीव जातो. केंब्रिजला असतानाच पोर्टर आणि विंडसर यांनी झगमगाटाच्या रीतीने असे दाखविले होते की, प्रकाश गिळलेला रेणू न फुटताही एका चेतलेल्या अवस्थेत, जिला ट्रिप्लेट म्हणतात, द्रवामध्ये बराच वेळ रेंगाळतो. बराच म्हणजे या हिशेबाने बराच. कापडावरील रंगाचा चेतलेला रेणू तेवढ्या सवडीत शेजारच्या तंतूतील हायड्रोजनचा अणू ओढून घेतो, हवेतील ऑक्सिजन त्यात भर घालतो, आणि सेल्युलोजची साखळी तुटत जाते. एका प्रोसेस हाउसमध्ये असा फाटणारा माल परत आला तेव्हा धुलाईखात्यातील तीन माणसांच्या पगारातून भरपाई कापल्याचे प्रकरण आम्ही चालविले आहे. त्या माणसांनी कापड अ‍ॅसिडात जास्त वेळ ठेवले असा आरोप होता. रंग कोणता होता हे कोणी विचारलेच नव्हते. आम्ही विचारले, आणि कपात मागे घेण्यात आली.

१९५५ साली पोर्टर शेफील्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथील अकरा वर्षांत त्यांनी ठोका सहस्रांशावरून दशलक्षांशाच्या घरात आणला. पुढे लेसर आला आणि गणितच पालटले. पोर्टर आणि टॉप या दोघांनी १९६८ साली जी रीत प्रसिद्ध केली तिचे सौंदर्य शाळकरी मुलासही कळेल. लेसरचा ठोका आधीच काही अब्जांश सेकंदांचा. त्याचे दोन भाग करावयाचे. एक सरळ पदार्थावर जाऊन त्यास चेतवितो, दुसरा आरशांवरून लांबच्या वाटेने फिरवून मागाहून आणावयाचा. प्रकाश एका अब्जांश सेकंदात तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे आरसा पंधरा सेंटिमीटर मागे सरकविला की जाऊन येऊन एक अब्जांश सेकंदाचा उशीर झाला. ज्या काळास पकडील असे घड्याळ मिळणे कठीण, तो मोजण्यास फूटपट्टी पुरली.

मधल्या काळात, १९६७ साली, नोबेल पारितोषिक आले. अर्धे जर्मनीच्या मान्फ्रेड आयगेन यांना, उरलेल्या अर्ध्यात नॉरिश आणि पोर्टर. त्याविषयी लिहिण्याजोगे इतरत्र पुष्कळ आहे. आम्हांस त्याहून त्यांची आदल्या वर्षीची नेमणूक मोठी वाटते. १९६६ साली ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे संचालक झाले. ही संस्था १७९९ सालची. लोहाराचा मुलगा आणि बुकबाइंडरकडचा उमेदवार मायकेल फॅरडे १८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटावर तेथे हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकण्यास गेला, टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हीकडे पाठविली, आणि पुढच्या वर्षी तेथेच मदतनीस म्हणून चिकटला. मुलांसाठी नाताळातील व्याख्याने त्या संस्थेत १८२५ साली सुरू झाली. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली. त्या मांडवाखाली बसणाऱ्यांस ही परंपरा निराळी उलगडून सांगावयास नको. पोर्टर यांनी १९६९ च्या नाताळात मुलांपुढे काळाच्या मोजमापावरच व्याख्याने दिली, १९७६ साली सूर्यकिरणाच्या जीवनकथेवर दिली. फॅरडेच्याच व्यासपीठावर उभे राहून लखकन उडणारे, आवाज करणारे प्रयोग करून दाखवावे, दूरचित्रवाणीवरून ते लाखो घरांत जावे, हे त्यांस संशोधनाइतकेच कर्तव्य वाटे. पुष्कळ सहकारी शास्त्रज्ञ याकडे करमणूक म्हणून पाहत. लोकांस विज्ञान समजावून सांगितल्याबद्दल १९७६ साली त्यांना युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाची देणगी आपल्या ओरिसाच्या बिजू पटनाईक यांची.

१९८५ साली पोर्टर रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि आयुष्यात प्रथमच त्यांस राजसत्तेशी जाहीरपणे भांडावे लागले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर स्वतः ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्राच्या पदवीधर. सरकारचे धोरण असे की, मूलभूत संशोधनावरील खर्चास आळा घालावा आणि बाजाराच्या उपयोगाचे तेवढे बाजाराने पोसावे. नुकताच, १९८४-८५ साली, याच सरकारने खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडून काढला होता, आणि पोर्टर यांच्या जन्मगावची खाण त्या संपातली. पोर्टर काही संपवाले नव्हते; पुढे ते लॉर्डही झाले. पण या प्रश्नावर त्यांनी माघार घेतली नाही. संशोधनाचे दोनच प्रकार, एक लागू झालेले आणि दुसरे अद्याप लागू न झालेले, असे ते म्हणत.

हे त्यांचे म्हणणे खरे ठरत होते ते नेमके त्याच वर्षांत, आणि त्यांच्याच जुन्या काचांवर. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी इशारा दिला होता की, थंड कपाटांतून आणि फवाऱ्याच्या डब्यांतून निघणारी क्लोरीनयुक्त द्रव्ये वातावरणात उंच जाऊन सूर्यप्रकाशाने फुटतील. सुटलेला क्लोरीनचा अणू ओझोनचा एक ऑक्सिजन हिसकावील आणि क्लोरीन मोनॉक्साइड मूलक होईल. तो पुन्हा क्लोरीन सोडील आणि तोच अणू दुसऱ्या ओझोनावर तुटून पडेल. १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या इंग्रज निरीक्षकांनी दक्षिण ध्रुवावरील ओझोन तिकडच्या वसंत ऋतूत ओसरत असल्याचे जाहीर केले. कारण कोणते यावर वाद माजला. १९८७ च्या सप्टेंबरात अँडरसन यांची उपकरणे घेऊन एक विमान चिलीच्या दक्षिण टोकाहून ध्रुवाकडे वर उडाले. जेथे क्लोरीन मोनॉक्साइड एकाएकी चढला तेथेच ओझोन उतरला होता. ध्रुवावरील लांब रात्रीनंतर या मूलकांच्या जोड्या जमतात आणि वसंतातील पहिल्या उन्हाने फुटतात, हाही उलगडा झाला. चौतीस वर्षांपूर्वी छापलेल्या, कोणाच्याही उपयोगास न आलेल्या दोन मूलकांच्या भेटीचा हिशेब आता पृथ्वीच्या छपराचा हिशेब होऊन बसला होता. त्याच महिन्यात माँट्रियलचा करार झाला. मार्च १९८९ मध्ये ओझोन वाचविण्यासाठी लंडनमध्ये जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तिचे यजमानपद थॅचरबाईंच्याच सरकारकडे होते, आणि त्या वेळी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष पोर्टरच होते.

१९९५ चे नोबेल पारितोषिक ओझोनाच्या रसायनासाठी क्रुत्झेन, मोलिना आणि रोलंड यांस मिळाले. १९९९ चे अहमद झेवैल यांस मिळाले. ते पोर्टर यांच्याच वाटेने, दोन ठोक्यांची रीत धरून, अब्जांशाच्याही दशलक्षाव्या भागापर्यंत उतरले होते. पोर्टर तोवर इंपीरिअल कॉलेजात हिरव्या पानाकडे वळले होते. पानातील हरितद्रव्य सूर्यकिरणाचा घास घेतल्यावर तो पहिल्या काही क्षणार्धांत कोणाच्या हाती देते, हा त्यांचा शेवटला विषय. ३१ ऑगस्ट २००२ रोजी कँटरबरी येथे ते वारले. स्टेनफर्थची खाण त्यांच्यामागून तेरा वर्षांनी, २०१५ साली, कायमची बंद झाली.